तुलनेसाठी जुनं काही उपलब्ध नाही

रात्रपाळीला माझं काम
न जुळलेली माणसं जुळवणं.
बेळगावातल्या या दवाखान्याच्या तळघरात
सीटीच्या खोलीपलीकडे, एसीच्या गारठ्यात
कानटोपी घालून बसतो मी,
समोर पडद्यावर उरलेल्यांची यादी:
नाव आहे, छाती नाही.
छाती आहे, नाव नाही.
एका खांद्याचं वय एकशे चोवीस.
एक गर्भाशय, लिंग पुरुष.
आणि निम्मा खानापूर तालुका
एक जानेवारीला जन्मलेला.

वर खिडकीत बसलिंगय्या.
कन्नडमध्ये ऐकतो, इंग्रजीत टाइप करतो,
पेशंट मराठीत ओरडतो, मागची रांग दोन्हींत.
त्याचा दोष नाही.
एका माणसाला तो देऊन देऊन किती सेकंद देणार?

आज यादीत लगमव्वा हलगेकर. गाव जांबोटी.
खोकला. वजन उतरलंय.
उजव्या फुफ्फुसात, वरच्या बाजूला, चौदा मिलिमीटर.
खाली दड्डीकर मॅडमनी लिहिलंय:
तुलनेसाठी जुनं काही उपलब्ध नाही.

वाक्य रोजचंच. एका पाळीत चाळीसदा येतं.
आज मात्र पुढं जाववेना.
माझी आत्ती होती याच नावाची,
शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मी,
रेशन कार्डावर लगमव्वा,
आणि बँकेत, मरेपर्यंत, लगमन्ना.

मग शोधत बसलो.
डब्ल्यू काढून दोन व्ही घातले.
मधला ए गाळला.
आडनाव काढून गाव लावलं,
गाव काढून नवऱ्याचं नाव.
पावणेतीनला सापडली
लक्ष्मीबाई परशराम, वय बासष्ट, कोरोनातली.
त्याच जागी सहा मिलिमीटर.
आणखी अर्ध्या तासानं
लगमवा पी., वय सत्तर,
मोटरसायकलवरून पडून आलेली.
मोडलेली बरगडी सगळ्यांनी बघितली.
वरचे नऊ मिलिमीटर कुणी नाही.

सहा, नऊ, चौदा.

थांब, म्हटलं.
गेल्या वर्षी अशीच घाई केली होती.
निपाणीचे दोन आप्पासाहेब एक करून टाकले,
आणि एकाचा मुतखडा
महिनाभर दुसऱ्याच्या अंगात हिंडत होता.
तेव्हापासून जोडायची कळ दाबण्याआधी
मी उठून पाणी पिऊन येतो.

पाणी पिऊन आलो.
तिघींना शेजारी शेजारी लावलं.
डावीकडची चौथी बरगडी
टोकाला फुटून दोन झालेली, बेचकीसारखी.
जन्मापासूनची असते अशी.
तिघींतही तीच बेचकी.
आणि पडल्याची ती सातवी:
पहिलीत धड, दुसरीत मोडकी,
तिसरीत सांधून थोडी जाड झालेली.

वर रस्त्यावर पाटीवर
कुठली लिपी वर, कुठली खाली,
याचं भांडण माझ्या आज्जापासून चालू आहे.
त्यात मीही एकदा दगड घेऊन उभा होतो, कॉलेजात असताना.
इथं खाली त्या बेचकीकडं
बराच वेळ नुसता बघत राहिलो.

सकाळी सातला फोन लावला.
नातवानं उचलला, म्हातारीकडं दिला.
आजी, दवाखान्यातून बोलतोय.
तुमचं खरं नाव काय?
पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज.
‘कशाला विचारूलालास? कुठलं पायजे?
म्हायरचं, का हिकडचं?’
दोन्ही सांगा, म्हटलं. आजच या परत, मॅडमना भेटायला.
कुणाला तरी बरोबर घ्या.
ती सांगत गेली,
मी तीन ओळींची एक ओळ करत गेलो.
मॅडमच्या वाक्याखाली चिठ्ठी जोडली:
जुनं उपलब्ध आहे. दोनदा.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली,
‘तिसरं बी हाय की एक.
आय हाक मारायची त्या नावानं.
आता कोण न्हाई मारत.’
तेही विचारून घेतलं.
यंत्रात त्याला रकाना नाही.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं,
आणि कानटोपी काढून
वर उजेडात आलो.